पोराचा हात चांगला आहे, मग चित्रकला ‘सिरियसली’ घ्यायची का?

हा प्रश्न आधीपासूनच घराघरात आहे, पण एआय आल्यापासून त्याला भलतीच धार आलीय. पोर चौदा-पंधरा वर्षांचं, वहीच्या मागच्या पानांवर डोळे, हात, ड्रॅगन, कार्टूनं भरलेली, शाळेत चित्रांची स्पर्धा म्हटलं की त्याचं नाव न विचारताच लिहिलं जातं, आणि घरात दोन पार्ट्या. एक म्हणते एवढी कला हातात आहे, वाया कशाला घालवायची. दुसरी म्हणते छंद म्हणून ठीक आहे रे, पण पोट भरणारं काहीतरी बघ. त्यात आता मोबाईलवर दोन ओळी टाइप केल्या की चित्र तयार होतं, म्हटल्यावर दुसऱ्या पार्टीच्या हातात आयतंच कोलीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत. पहिला, हे पोर चित्रकला मन लावून, नीट शिकायला लागलं तर चालेल का. दुसरा, त्याने यावर पोट भरायचं ठरवावं का. पहिल्याचं उत्तर आत्ता देता येतं आणि ते बहुतेक वेळा ‘हो’ असतं. दुसऱ्याचं उत्तर पंधराव्या वर्षी आईबापांना देता येत नाही, शिक्षकांना येत नाही आणि पोराला तर नाहीच नाही. पण होतं काय, की दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही म्हणून पहिलंही लटकत राहतं आणि शिकायची चांगली तीन-चार वर्षं नुसत्या वादात निघून जातात.

टॅलेंट म्हणजे आपल्याला नक्की काय दिसतं

बहुतेक घरांत टॅलेंटचा पुरावा म्हणजे फोटो बघून हुबेहूब काढलेलं चित्र. एखाद्या नटाचं पोर्ट्रेट, ॲनिमेमधलं (जपानी कार्टूनमधलं) कॅरेक्टर, नाहीतर वाघ (वाघ कुणी सोडत नाही). यात वाईट काही नाही, पण यावरून एवढंच कळतं की हातावर ताबा आहे आणि तासन्‌तास बसायची चिकाटी आहे. अवघड भाग कॅमेऱ्याने आधीच उरकलेला असतो. समोरचं जग, ज्याला लांबी-रुंदी-खोली सगळं आहे, ते त्याने सपाट करून दिलेलं असतं, पोराने फक्त ते आकार कागदावर उतरवलेत.

खरं बघायचं असेल तर फोटो बाजूला ठेवा आणि टेबलावर एक साधा काचेचा ग्लास ठेवून ‘हा काढ’ म्हणा. दहातली बरीच पोरं, चांगल्या हाताचीसुद्धा, वरची कड छान लंबगोल काढतात आणि तळाला सरळ रेघ मारून मोकळी होतात. कारण डोक्याला माहितीय की ग्लास सपाट टेबलावर उभा आहे, मग तळ सपाटच असणार. पण डोळ्याला तसं दिसत नसतं. तळही लंबगोलच दिसतो, इतकंच नाही तर वरच्या कडेपेक्षा जास्त फुगीर दिसतो, कारण तो नजरेच्या आणखी खाली आहे, त्याच्याकडे आपण जास्त वरून बघतोय. चेहऱ्याचंही तसंच. डोळे जवळजवळ सगळेच नवशिके फार वर काढतात, आणि पट्टी लावून टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मध्यावर निघतात. आपलं लक्ष डोळे-नाक-तोंडावर असतं ना, त्यामुळे कपाळ आणि डोकं आपण नकळत छाटून टाकतो.

समोरची वस्तू बघून, जी माहीत आहे ती नव्हे तर जी दिसतेय ती काढणं, याला ऑब्झर्वेशनल ड्रॉइंग म्हणतात. जगभरातल्या कलाशिक्षणात वर्षानुवर्षं पाया म्हणून हेच घोटून घेतलं गेलंय. आणि हे शिकता येतं, हा भाग लोकांना माहीतच नसतो. ग्लासचा तळ चुकला म्हणजे टॅलेंट नाही असं अजिबात नाही. बघायचं असतं ते पुढचं, म्हणजे चूक दाखवल्यावर पोर काय करतं. वैतागून पुन्हा वाघाकडे जातं, का दुसऱ्या दिवशी स्वतःहून वाटी, बादली, कप असं जे हाताला लागेल ते समोर ठेवून बसतं?

गाण्यातलं उदाहरण घ्या, म्हणजे लगेच कळेल. एखाद्या पोराचा गळा गोड असतो, पाहुण्यांसमोर गाणं म्हणतं, सगळे खुश. पण गोड गळा आणि गाणं येणं यात अंतर आहे, आणि ते रियाजाने भरतं हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र आपण गळ्यालाच गाणं समजतो. हात चांगला म्हणजे चित्रकार झालाच, नाहीतर मग ‘देवाने दिलेलं नाही’ असा थेट निकाल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन विनर यांनी फार हुशार मुलांचा, त्यात चित्र काढणाऱ्या मुलांचाही, बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांनी अशा मुलांची तीन लक्षणं सांगितली. इतरांच्या खूप आधी जमायला लागणं, आपल्याच पद्धतीने शिकणं, आणि तिसरं म्हणजे ती गोष्ट आत्मसात करायचं एक प्रकारचं झपाटलेपण, कुणी सांगावं लागत नाही, उलट थांब म्हणावं लागतं. पहिलं लक्षण घरच्यांना लगेच दिसतं कारण ते मिरवता येतं. मला विचाराल तर पंधराव्या वर्षी वजन तिसऱ्याला द्यायला हवं.

मग सिरियसली म्हणजे करायचं काय

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास छापला होता. त्यावरूनच पुढे ‘दहा हजार तास केले की कुणीही एक्सपर्ट’ असं फॉरवर्डसारखं पसरलं. एरिक्सन असं म्हणालेच नव्हते, आणि या अर्थ लावण्याला त्यांनी नंतर विरोधही केला. त्यांचा भर होता तो सराव कसला करता यावर. जे येत नाही नेमकं तेच निवडायचं, चूक कुठे झाली ते लगेच बघायचं, सुधारून पुन्हा करायचं. त्यांनी याला ‘डेलिबरेट प्रॅक्टिस’ म्हटलं, आपण ठरवून केलेला सराव म्हणू.

आता हे चित्रकलेत लावलं की गंमत होते. रोज दोन तास तेच जमणारं ॲनिमे कॅरेक्टर काढणारं पोर खूप चित्रं काढतंय, पण ठरवून केलेला सराव जवळपास शून्य, कारण हात खिशात घातलेला, केस डोळ्यावर आणलेले, पाय चौकटीच्या बाहेर कापलेले. का? कारण हात आणि पाय काढता येत नाहीत! मग आठवडाभर फक्त हात काढायचा. स्वतःचाच, डावा, समोर फुकट मॉडेल बसलेलं आहे. मूठ, पेन धरलेला, आरशातला, वरून प्रकाश टाकून. पहिले काही हात हातमोज्यासारखे येतील, ती पानं लपवायची नाहीत, आणि नंतर त्याच्याच शेजारी पुन्हा काढायचा.

आल्ब्रेख्त ड्युरर नावाच्या जर्मन चित्रकाराने तेराव्या वर्षी, 1484 मध्ये, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं होतं, ते व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे. ते सिल्व्हरपॉइंटने काढलेलं आहे, म्हणजे चांदीच्या टोकाने खास तयार केलेल्या कागदावर. ही रेघ खोडरबराने जात नाही, मारली ती मारली. लोक हे चित्र दाखवून ‘बघा, उपजत प्रतिभा’ म्हणतात. असेलच. पण ड्युररचे वडील सोनार होते आणि पोरगं त्यांच्या हाताखाली शिकत होतं, म्हणजे चुकलेल्या रेघेची किंमत काय असते हे त्या घरात रोज समोर दिसत असणार. आणि एवढं झाल्यावरही पंधराव्या वर्षी तो एका चित्रकाराकडे रीतसर शिकायला गेलाच.

तर सिरियसली म्हणजे महागडा टॅब्लेट आणि रंगांचा मोठा सेट नव्हे. साधा कागद, पेन्सिल, समोर खरी वस्तू, रोजचा थोडा पण ठरलेला वेळ, जे येत नाही ते आधी, आणि खरं बोलणारं कोणीतरी. शेवटची गोष्ट मिळणं सगळ्यात अवघड, कारण घरातले ‘वा वा’ म्हणतात आणि इन्स्टावरचे लाईक टाकतात, दोन्हींतून ग्लासचा तळ सुधारत नाही.

क्लास लावायचा असेल तर दोन गोष्टी बघा. एक, सर किंवा मॅडम पोराच्या चित्रावर स्वतः हात फिरवून ते ‘फायनल’ करून देतात का. देत असतील तर घरी सुंदर चित्र येईल पण पोर शिकणार नाही. दुसरं, भिंतीवर लावलेली सगळ्या मुलांची चित्रं एकसारखी दिसतात का, तोच सूर्यास्त, तीच होडी, फक्त खाली नावं वेगळी. तसं असेल तर पाठमोरं वळायला हरकत नाही.

आता नाही घेतलं तर उशीर होईल का

नाही, सरळ उत्तर नाही. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याआधी चित्रांच्या दुकानात नोकरी, शाळेत शिकवणं, पुस्तकांचं दुकान, धर्मप्रचार असं सगळं करून झालं होतं, आणि मग हा माणूस नवशिक्यासारखा छापील नमुने समोर ठेवून रेखाटनं गिरवत बसला. फ्रेंच चित्रकार मातिस आधी वकिलाच्या ऑफिसात कारकून होता, 1890 च्या सुमाराला अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणात पडला असताना आईने रंगाची पेटी आणून दिली, तिथून सुरुवात. रशियन चित्रकार कँडिन्स्कीने तिशीत कायद्याची प्राध्यापकी नाकारली आणि म्युनिकला जाऊन चित्रकला शिकायला बसला. रवींद्रनाथ टागोरांचं तर चित्रांचं पहिलं प्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला भरलं तेव्हा ते साठीच्या अखेरीस होते.

दुसऱ्या बाजूला पिकासो, तेराव्या वर्षी बार्सिलोनाच्या कलाशाळेत. अमृता शेरगिल सोळाव्या वर्षी पॅरिसला शिकायला, आणि बरं झालं लवकर गेल्या असं म्हणावं लागतं, कारण 1941 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षीच त्या गेल्या. पण पिकासोचे वडील स्वतः चित्रकला शिकवायचे हे त्या गोष्टीतून गाळलं जातं. चूक दाखवणारा माणूस त्याला घरातच मिळाला होता.

आणि ही यादी वाचून कुणी ‘मग तिशीत बघू’ म्हणत असेल तर थांबा जरा. आपल्याला जे पोचले त्यांचीच नावं माहीत असतात, जे तिशीत सुरू करून कुठेच पोचले नाहीत त्यांच्यावर कोण लिहितंय.

मग आत्ताच का? जिम्नॅस्टिक्ससारखं शरीराचं वय निघून जातं असं इथे काही नाही. कारण दुसरंच आहे. साधारण नऊ ते बारा या वयात पोरांची नजर हाताच्या पुढे निघून जाते. आधी स्वतःचं कुठलंही चित्र भारी वाटायचं, आता ते खऱ्यासारखं आलेलं नाही हे दिसायला लागतं, दुरुस्त कसं करायचं ते कळत नाही, आणि बरीच पोरं तिथेच चित्र काढणं बंद करतात. म्हणून तर बहुतेक मोठ्या माणसांना आजही माणूस काढ म्हटलं तर दहा वर्षांच्या मुलासारखाच काढतात. जे पोर पंधराव्या वर्षीही काढतंय ते ही गाळणी पार करून आलंय. त्या टप्प्यावर त्याला नीट शिकवणारं मिळालं तर ते पुढे सरकतं, नाही मिळालं तर त्याच चार युक्त्या घासत बसतं आणि अठराव्या वर्षी कंटाळतं.

बरं, पण पैशाचं काय

रास्त प्रश्न आहे, तो विचारणारे आईबाप काही कलेचे दुश्मन नसतात. पण आपल्या डोक्यात चित्रकार म्हणजे गॅलरीत चित्र लावून विकणारा, ही एकच प्रतिमा असते आणि तेच नेमकं सगळ्यात बेभरवशाचं काम आहे. गॅलरी विकलेल्या चित्राच्या किमतीतला मोठा हिस्सा ठेवते, कित्येक ठिकाणी निम्मा. उरलेल्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम, जागेचं भाडं. आणि पुढचं चित्र कधी विकेल ते कुणी सांगू शकत नाही. निव्वळ यावर घर चालवणारे लोक थोडे असतात.

चित्र येणाऱ्या माणसाला पैसा मात्र बहुतेक वेळा दुसरीकडून येतो. ॲनिमेशन, गेम, सिनेमाचे स्टोरीबोर्ड, पुस्तकांची चित्रं, कापडाची डिझाइन्स, पॅकेजिंग, ॲपचे स्क्रीन, शस्त्रक्रिया समजावणारी वैद्यकीय चित्रं, जुन्या चित्रांचं जतन, शिकवणं. यात काही पगारी नोकऱ्या, काही फ्रीलान्स. फ्रीलान्सचं सांगायचं तर काम असतं तेव्हा रात्र पुरत नाही आणि नसतं तेव्हा महिना सरत नाही, शिवाय पेमेंटसाठी चार-चार मेल पाठवावे लागतात. आणखी एक शब्द माहीत असलेला बरा, लायसन्स. म्हणजे चित्र विकायचं नाही, ते ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळ वापरायची परवानगी विकायची, चित्राचा हक्क आपल्याकडेच. बऱ्याच नवीन पोरांना हा फरक माहीत नसतो आणि ती सगळे हक्क एकाच ईमेलमध्ये देऊन टाकतात.

मोठ्या लोकांनीही हेच केलंय. ड्युररच्या छापील चित्रांना युरोपभर गिऱ्हाईक होतं आणि त्याची बायको ॲग्नेस ती जत्रांमध्ये नेऊन विकायची. हुसेननी सिनेमाची होर्डिंग रंगवली. राजा रविवर्म्यांनी आपल्या चित्रांच्या प्रती लोकांपर्यंत पोचाव्यात म्हणून 1894 मध्ये छापखाना काढला, चित्रं घराघरांत गेली, पण धंदा तोट्यात गेला आणि शेवटी तो विकावा लागला. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. चित्र काढणं हे एक कौशल्य आणि त्यातून पैसा उभा करणं हे पूर्ण वेगळं दुसरं, आणि एकात हुशार असलेला माणूस दुसऱ्यात असेलच असं नाही. पंधराव्या वर्षी पहिलं दिसतं, दुसऱ्याचा काही पत्ता लागत नाही, म्हणूनच मी सुरुवातीला दोन प्रश्न वेगळे करा म्हटलं.

एआय सगळं करून देतंय, मग शिकायचं कशाला

2022 मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्युजन, डॅल-ई टू ही टूल्स सामान्य लोकांच्या हातात आली. यांना कोट्यवधी चित्रं त्यांच्या वर्णनांसकट दाखवून तयार केलेलं असतं, त्यातून कुठल्या शब्दाबरोबर कसले आकार-रंग येतात याचे नमुने ती पकडतात आणि तुम्ही वर्णन दिलं की नवीन चित्र रचतात. ती चित्रं ज्यांची, त्यांना विचारलं होतं का, यावर कोर्टात खटले चालू आहेत.

नुकसान होत नाहीये असं मी म्हणणार नाही. ‘चालेल, काहीतरी चित्र टाका’ या पातळीचं काम, स्वस्त कव्हरं, ब्लॉगवरची चित्रं, थंबनेल, हे मशीनकडे सरकतंय, आणि नवशिके नेमके तिथेच हात बसवायचे. 1839 मध्ये फोटोग्राफीचं तंत्र जाहीर झालं तेव्हाही पहिला फटका असाच बसला होता, हातावर मावतील अशी छोटी पोर्ट्रेटं रंगवून देणाऱ्यांना. त्यांचा धंदा खरंच बसला, काही जण फोटोग्राफर झाले. चित्रकला मात्र मेली नाही, 1874 मध्ये इंप्रेशनिस्टांचं, म्हणजे हुबेहूबपणापेक्षा प्रकाश आणि रंगांचा क्षणिक भास पकडणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन भरलं आणि फोटोसारखं दिसणं हे चित्राचं मुख्य काम राहिलं नाही. आता तसंच होईल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ‘मशीन आलं, संपलं’ हे वाक्य लोक तेव्हाही म्हणतच होते.

दोन गोष्टी मात्र आत्ताच दिसतात. एक कायद्याची. अमेरिकेत कॉपीराइट ऑफिसने आणि कोर्टानेही अशी भूमिका घेतलीय की माणसाची निर्मिती नसलेल्या, निव्वळ मशीनने बनवलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. ज्या कंपनीला आपलं कॅरेक्टर दुसऱ्याने उचलू नये असं वाटतं तिला ही डोकेदुखी आहे. दुसरी रोजच्या कामातली. मशीनने वीस चित्रं समोर टाकली तर त्यातलं कुठलं बरं, कुठल्या चित्रात सावली एकीकडे आणि दिवा भलतीकडे, कुठल्या ग्लासचा तळ खोटा आहे, हे ज्याने स्वतः काढलंय त्यालाच पटकन दिसतं. म्हणून शिकायच्या वयात या टूलमधून चित्र काढून घेणं मला ट्रेसिंगसारखंच वाटतं. चित्र मिळतं, नजर तिथेच राहते.

अभ्यास बुडेल ना

रोज तासभराने अभ्यास बुडत नाही, रील्सने बुडतो, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगते, चित्रासाठी शाळेचे विषय सोडायचा हट्ट पोराने धरला तर ऐकू नका. बहुतेक कला-डिझाइनच्या पदवी कोर्सना शालेय शिक्षण पूर्ण लागतंच, आणि पर्स्पेक्टिव्ह म्हणजे दूरच्या वस्तू लहान का दिसतात हे गणित, ते भूमितीच आहे.

आणि लगेच शाखा निवडायचीही गरज नसते. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेने 1919 च्या सुमाराला अशी सोय केली की मुलांनी आधी सहा महिने कागद, लाकूड, रंग, आकार असं सगळं हाताळायचं आणि मगच आपली कार्यशाळा ठरवायची. जगभरात कितीतरी कलाशाळांमध्ये जे फाउंडेशन वर्ष असतं त्यावर याची मोठी छाप आहे. म्हणजे या क्षेत्रातल्या शाळांनाच अठराव्या वर्षी पोराला सगळं ठरवता येतं असं वाटत नाही, आणि आपण पंधराव्या वर्षी फायनल उत्तर मागतोय.

आणि पोराने मधेच सोडलं तर

सोडू दे. दोन वर्षं नीट शिकून सोडलं तर ते आळशीपणा नसतो, त्याला आतून काय होतंय ते कळलेलं असतं. फक्त खरंच सोडलंय का अडलंय एवढं बघा. अडलेलं पोर चिडचिड करतं, जुनी चित्रं बघून वैतागतं, पण काढायला जातं, मग पुन्हा टाकतं. अशा वेळी माध्यम बदलून बघा, पेन्सिलऐवजी जाड ब्रश आणि शाई, माती, लिनोकट (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून त्याचा छाप घेणं), किंवा कोळसा. शाईसारख्या खोडता न येणाऱ्या गोष्टीने तर हात मोकळा होतो कधीकधी.

आणि सोडो वा न सोडो, वह्या रद्दीत घालू नका, प्रत्येक पानावर तारीख टाकायची सवय लावा. पुढेमागे अर्ज करायचा झालाच तर पोर्टफोलिओ मागतात, म्हणजे निवडक कामाचा संच, आणि तपासणारे बरेच जण फिनिश केलेल्या चित्रांइतक्याच उत्सुकतेने स्केचबुक चाळतात. विचार कसा पुढे गेला, काय जमत नव्हतं, ते कसं सोडवलं, हे त्यांना त्यात दिसतं. त्यामुळे सरळ रेघेच्या तळाचा तो पहिला ग्लास फाडू देऊ नका, संचात बाराव्या ग्लासच्या शेजारी लावा.